उडणाऱ्या कोळ्यांवर काम करायचंय? मग न उडणारे बघा

इकॉलॉजी शिकायला बेल्जियमला येऊ पाहणारं दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, कोळी (स्पायडर) हवेत उडतात त्यावर प्रोजेक्ट मिळेल का. मिळेल की, गेंट युनिव्हर्सिटीत द्रीस बोंते यांचा ग्रुप त्यासाठीच ओळखला जातो. पण खरी मजा न उडणाऱ्या कोळ्यांत आहे.

बेल्जियमचा फ्लेमिश किनारा जेमतेम 67 किमीचा, त्यावर हॉटेलं आणि अपार्टमेंटची भिंतच उभी, आणि मधेमधे शेवाळ-खुरट्या गवताचे ड्यूनचे, म्हणजे वाळूच्या टेकड्यांचे, तुकडे उरलेत. कोळी उडतो म्हणजे काय तर पायाच्या टोकांवर उभा राहतो, पोट वर करतो, धागा सोडतो आणि वारा नेईल तिकडे जातो. याला टिपटो म्हणतात. कुठे उतरायचं ते त्याच्या हातात नाही. एरिगोने अत्रासारखा शेतातला बारका कोळी बिनधास्त उडतो, त्याला कुठेही चालतं. पण फक्त ड्यूनवरच जगणारा उडाला तर समुद्रात नाहीतर डांबरावर. बोंते यांच्या ग्रुपच्या 2003 च्या पेपरात हेच निघालं, तुकड्यातुकड्यांच्या अधिवासातले स्पेशालिस्ट उडायला फारसे तयारच नसतात. उडणारे पिढ्यानपिढ्या वाया गेले, मागे उरले घरकोंबडे! आता एखादा तुकडा रिकामा झाला तर तिथे परत येणार कोण?

त्यामुळे असलेला तुकडा टिकवणं महत्त्वाचं. 1950 च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाने गवत खाणारे ससे मेले, गवत-झुडपं माजली, म्हणून आता तिथे पोनी आणि गाई चरायला सोडतात. चराई किती असावी हा थीसिससाठी मस्त प्रश्न आहे, कारण जास्त तुडवलं तरी कोळ्यांना त्रासच.

कामाचं म्हणाल तर लॅबमध्ये पंख्याच्या हलक्या वाऱ्यात बसून कोळी टिपटो करतोय का ते मोजायचं, कंटाळवाणं आहे पण डेटा तिथूनच येतो. वाढताना मिळालेलं तापमानसुद्धा लिहून ठेवा, 2008 च्या प्रयोगात 30 अंशांवर वाढलेले एरिगोने लांब उडायला सगळ्यात कमी तयार होते. फील्डवर पिटफॉल, म्हणजे जमिनीच्या पातळीत पुरलेला कप, पण त्यात जास्त फिरणारा कोळी जास्त पडतो, तेव्हा आकडा म्हणजे संख्या असं धरू नका. आर (R), म्हणजे आकडेवारीचं सॉफ्टवेअर, आधीच शिकून या. किनाऱ्यावरच्या द पान (De Panne) गावाला ट्रेनने जाता येतं, पुढे कोस्ट ट्राम आहे, जॅकेट मात्र वारा अडवणारं घ्या.

आणि विषय हिवाळ्यातच ठरवा. पिल्लांवरून जात ओळखणं बहुतेक वेळा जमत नाही, प्रौढच लागतात, आणि पार्डोसा मोंटिकोला या ड्यूनच्या गवतातल्या कोळ्याचे प्रौढ मे-जूनमध्ये भरपूर मिळतात.