वंशावळ काढायला निघालात? आधी या चुका टाळा

दिवाळीनंतर आणि मे महिन्यात मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. नुकतंच घरात लग्न किंवा कुलसंमेलन झालेलं असतं, जेवणाच्या पंगतीत कुणीतरी छातीठोक सांगितलेलं असतं की आपण मूळचे चितोडचे, आणि फोनवरचा पोरगा विचारतो, "काका, चितोडचे कागद कुठे मिळतील?" मी विचारतो, "तुझ्या पणजीचं नाव काय?" पलीकडे शांतता.

वंशावळ खालून वर चढायची असते. आधी स्वतः, मग वडील, मग आजोबा, आणि प्रत्येक पायरीला निदान एक कागद किंवा दोन वेगवेगळ्या माणसांची साक्ष. लोकांना मात्र वरून खाली यायचं असतं. वर कुणीतरी सरदार असतो, खाली आपण असतो, आणि मधल्या दहा पिढ्या 'भरून घेऊ' म्हणतात. जागा भरल्या जातातही, पण त्या तुमच्या माणसांनी भरत नाहीत.

एकाच नावाची दोन माणसं एक धरणं

ही माझी आवडती चूक, कारण ती मी स्वतः केली आणि फ्लेक्सवर छापून केली.

आपल्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. म्हणजे एका घरात गणेश विठ्ठल, मग विठ्ठल गणेश, मग पुन्हा गणेश विठ्ठल, असं रहाटगाडगं शंभर-दीडशे वर्षं चालू राहतं. (ही नावं मी बदललेली आहेत, गाडगं खरं आहे.) माझे पणजोबा विठ्ठल गणेश १९३१ साली वारले, तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं. एवढं घरात पक्कं माहीत होतं. पुढे मला इनामाचा एक कागद मिळाला, शके १७६० चा, म्हणजे १८३८ चा. त्यात गणेश विठ्ठल असं स्वच्छ नाव. मी आनंदाने उडालोच. पणजोबांचे वडील सापडले!

आता साधा हिशेब करा. १८३८ मध्ये कागदावर सही करणारा माणूस विशी-बाविशीचा तरी असणार. म्हणजे जन्म १८१५ च्या आसपास. पणजोबांचा जन्म १८७८ चा. वडील झाले तेव्हा गणेशरावांचं वय त्रेसष्ट? मला हा हिशेब दिसत होता. मी स्वतःला सांगितलं, उतारवयात झाला असेल मुलगा, दुसरेपणावर लग्न केलं असेल. शोध लागल्याच्या आनंदात माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

आत्याने तेव्हाच हटकलं होतं. ती म्हणाली, "अरे, थोरल्या विठोबाची बायको वेगळी होती. ती विहिरीत पडून गेली. आमच्या आजीने तिला पाहिलंही नव्हतं." मी म्हटलं, आत्याची गल्लत होत्येय. ऐंशी वर्षांची बाई, कागद थोडाच वाचलाय तिने. आठ फुटी फ्लेक्स छापला, संमेलनात लावला, सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले.

दोन वर्षांनी त्र्यंबकेश्वरला गेलो. आमच्या उपाध्यायांनी नामावळीची, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदींची, वही उघडली, आणि शके १८०२ मधली नोंद समोर आली: गणेश विठ्ठल, वडील विठ्ठल गणेश, आजे गणेश विठ्ठल, पुत्र चिरंजीव विठ्ठल. तो चिरंजीव म्हणजे माझे पणजोबा, तेव्हा दोन वर्षांचे. इनामाच्या कागदातले गणेशराव या गणेशचे आजोबा. मी दोन सबंध पिढ्या गिळल्या होत्या, आणि विहिरीत पडलेली ती बाई त्या गिळलेल्या विठोबाची बायको होती. तो फ्लेक्स आता चुलतभावाच्या गोठ्यावर पत्र्याखाली आहे. पाणी गळत नाही, एवढा उपयोग झाला.

तेव्हापासून माझी सवय अशी की प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे बायकोचं नाव लिहिल्याशिवाय त्याला वहीत जागा नाही. पुरुषांची नावं घरात फिरत राहतात, बायका बाहेरून येतात. सुनेचं नाव लग्नात बदलतात आणि सासूचंच नाव तिला सहसा ठेवत नाहीत, त्यामुळे लागोपाठच्या दोन पिढ्यांतल्या बायकांची नावं बहुधा वेगळी निघतात. बायकोचं नाव मिळालं नाही तर मी पुरुषाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकतो आणि ते पेन्सिलने टाकतो. दुसरी सवय, दोन पिढ्यांत चाळीस वर्षांहून जास्त अंतर दिसलं की तिथे थांबायचं. क्वचित ते खरंही असतं, पण बहुतेक वेळा मधला माणूस हरवलेला असतो.

आणि आत्या काही सांगत असेल तर आधी ऐकून घ्यायचं.

आडनावातलं गाव नकाशावर शोधून गाडी काढणं

'कर' लागलेलं आडनाव म्हणजे पत्ता, असा एक गोड गैरसमज आहे. गाव सोडलेल्या माणसालाच गावाचं नाव चिकटतं. वडगावात राहणाऱ्या प्रत्येकाला कुणी वडगावकर म्हणत बसत नाही. तो पुण्याला किंवा पैठणला गेला की तिथले लोक त्याला वडगावकर म्हणतात. म्हणजे आडनाव सांगतं ते एवढंच की तुमचा कुणी पूर्वज त्या गावाहून निघाला. किती पिढ्या तिथे होता, तिथे कुठून आला होता, याबद्दल ते मूग गिळून असतं. कोकण किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू मंडळींतही पेणकर, रोहेकर, किहीमकर आहेत, तेव्हा 'कर'वरून जातही ठरवू नका.

मुळात वडगाव कोणतं? महाराष्ट्रात वडगाव, पिंपळगाव, निमगाव किती आहेत ते एकदा मोजून बघा. शिवाय बुद्रुक आणि खुर्द. आमच्या ओळखीतल्या एका वडगावकरांनी वडगाव मावळ धरलं. का, तर १७७९ ची इंग्रज-मराठा लढाई तिथली, नाव इतिहासात आहे. दोन गाड्या भरून कुटुंब गेलं. ग्रामदेवतेची ओटी भरली, देवळाला देणगी दिली, तिथली चिमूटभर माती डबीत घालून आणली आणि देवघरात ठेवली. वर्षभराने घरातल्या जुन्या गहाणखताचं वाचन झालं, तर त्यात परगणे संगमनेर! त्यांचं वडगाव म्हणजे वडगाव पान. डबीतली माती अजून देवघरात आहे, कारण ती काढून टाकायची हिंमत कुणाला होत नाही.

म्हणून गावाचं नाव कधीही एकटं लिहू नका. तर्फ, परगणा, तालुका यांपैकी काहीतरी सोबत हवं. आणि जिल्ह्यांच्या हद्दी हलत्या असतात हे ध्यानात ठेवा. आजच्या सिंधुदुर्गातल्या गावाचे १९८१ च्या आधीचे कागद 'जिल्हा रत्नागिरी' म्हणून लागतात, लातूरचे १९८२ च्या आधी उस्मानाबादेत, पालघरचे २०१४ पर्यंत ठाण्यात. काही गावं तर पाण्याखालीच गेली. कोयनेच्या धरणग्रस्तांना थेट ठाणे-रायगडापर्यंत वसवलं, तेव्हा गावाच्या जुन्या नावाची वसाहत सापडली म्हणजे मूळ गाव सापडलं असं नव्हे.

पाटील, कुलकर्णी, देशमुख, जोशी यांच्याबद्दल एकच ओळ: ही वतनांवरून पडलेली आडनावं आहेत, दोन देशमुखांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही.

कुलदैवताचं देऊळ म्हणजे मूळ गाव समजणं

जेजुरी आणि तुळजापूर यांच्याबाबत ही चूक फारसं कुणी करत नाही, कारण अर्धा महाराष्ट्र तिथलाच निघेल. पण अंबाजोगाईबाबत करतात. कोकणस्थांतल्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी तिथली योगेश्वरी आहे, त्यावरून आपण मराठवाड्यातून कोकणात उतरलो असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. दैवत आणि वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोव्यातल्या दैवतांचं तर वेगळंच. मंगेशी आज प्रियोळला आहे, पण देव मूळचा कुठ्ठाळीचा. कवळ्याची शांतादुर्गा केळशीची, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळं पाडली तेव्हा भक्तांनी मूर्ती उचलून अंत्रुज महालात (आजचा फोंडा तालुका) नेल्या, कारण तिथे तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. तेव्हा 'आमचं मूळ कवळे' असं सांगणाऱ्याला मी विचारतो, देवीचं मूळ की तुमचं? घराणं तर त्या धामधुमीत कारवारकडे, मंगळूरकडे किंवा वर कोकणातही गेलेलं असू शकतं. देवळाच्या महाजनांच्या, म्हणजे देवळावर परंपरेने हक्क असलेल्या घराण्यांच्या, यादीत आपलं घराणं कोणत्या गावच्या नावाखाली आहे हे बघायचं, देवळापुढे उभं राहून फोटो काढून भागत नाही.

मोडी दुसऱ्याकडून वाचून घेणं आणि डोळे मिटून मान्य करणं

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना चांगले दिवस आले. चांगलंच झालं. पण त्या लाटेत हाताशी आलेले सगळेच मोडी वाचणारे नव्हेत. या लिपीत आधी पानभर रेघ मारून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. घाईने वाचणारा आपल्याला हवं ते नाव वाचतो, विशेषतः पैसे त्या नावाचेच मिळणार असतील तर.

पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात, एकदा करून टाका. तुम्हाला पंडित व्हायचं नाही. आपलं आडनाव, गावाचं नाव, 'बिन' आणि 'वलद' हे दोन शब्द आणि आकडे ओळखता आले तरी पुष्कळ. 'बिन' काय किंवा 'वलद' काय, अर्थ अमक्याचा मुलगा, ते नावाचा भाग नव्हे. एका महाशयांनी आपल्या पूर्वजाचं नाव 'बिनराव' असल्याचं मला सांगितलं होतं. मराठवाड्यातले असाल तर उर्दू वाचणारा माणूसही शोधून ठेवा, कारण १९४८ पर्यंत तिथे निजामाचा कारभार होता.

सालांचा घोळ तर मोडीपेक्षा मोठा. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, जानेवारी ते पाडवा या काळातली तिथी असेल तर ७९. फसली या महसुली सनात ५९०. जुन्या मराठी कागदांतल्या शुहूर सनात ५९९, आणि ही दोन्ही सालं जूनच्या सुमाराला, मृगाला बदलतात, म्हणून जानेवारी ते मे मधल्या तारखेला एक जास्त. शुहूर सन अक्षरांत लिहितात आणि एकं आधी येतं: 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, ११७४. इसवी सन १७७३-७४, म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते साल. हेच ११७४ फसली धरलं तर १७६४ येतं आणि तुमचा माणूस थेट थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत जाऊन बसतो. कोणता सन आहे हे कागदात दिसत नसेल तर साल लिहूच नका.

बाकीच्या, थोडक्यात

छापील कुलवृत्तांत वेदवाक्य मानणं. तो पत्रं पाठवून जमवलेला असतो. ज्या शाखेने उत्तर दिलं नाही ती त्यात नाही, आणि मुली बहुधा नाहीतच.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली जन्मतारीख खरी धरणं. जुन्या पिढीत अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि गुरुजींना वय बसवायचं असायचं. नाव, गाव आणि जात यांसाठी रजिस्टर उत्तम. जन्मासाठी तहसिलातलं कोतवाल बुक बघा.

दत्तक विसरणं. वतन टिकवायला दत्तक घेत. अचानक वडिलांचं नाव बदललेलं दिसलं तर कारकुनाला शिव्या घालण्याआधी हे तपासा.

गोत्र एक म्हणून घराणं एक समजणं. नाही.

लाळ पाठवून डीएनए चाचणी करणं आणि गावाचं नाव येईल म्हणून वाट बघणं. ती फार तर एवढा मोठा प्रदेश सांगते की त्यात तुम्ही आधीच राहताय. तेवढ्या पैशांत दोनदा त्र्यंबकला जाऊन येता येतं.

म्हाताऱ्या माणसांना 'आपले पूर्वज कोण' असं विचारणं. या प्रश्नाला उत्तर नसतं, चितोड असतं. मी विचारतो, "कुणाकुणाचं दहा दिवसांचं सुतक धरायचात?" सुतक भावकीचंच पूर्ण धरतात, त्यामुळे ज्या घराण्याशी नातं कसं ते कुणालाच आठवत नाही तेही नाव बाहेर पडतं. दुसरा प्रश्न, "श्राद्धाला गुरुजी कुणाची नावं घ्यायचे?" वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्या तिथे फुकटात मिळतात.

आणि नामावळी बघायला जाल तेव्हा नुसतं आडनाव सांगून उपाध्यायांना कामाला लावू नका. वह्या गावाप्रमाणे असतात. गाव, तालुका आणि निदान आजोबांचं पूर्ण नाव घेऊन जा, आणि पुरता दिवस हाताशी ठेवून जा. दर्शन, नामावळी आणि संध्याकाळी नाशकात मिसळ असा बेत करून आलेले लोक मी पाहिलेत. त्यांना मिसळ तेवढी मिळते. नोंद सापडली की पानाचा फोटो काढा, सोबत वहीच्या पहिल्या पानाचाही, नाहीतर सहा महिन्यांनी ते पान कुठल्या वहीतलं हे तुम्हालाच सांगता येणार नाही. निघताना तुमची नोंद मागतील. घाईत तीन नावं खरडू नका. बायको, तिचं माहेर, मुलगे, सुना, आणि लग्न झालेल्या मुलीसुद्धा त्यांच्या सासरच्या नाव-गावासकट, सगळं बसून लिहा. माझ्या वेळी मी आत्याचं नाव सगळ्यात वर लिहिलं.