डास आणि एचआयव्ही : समजुतीतल्या या चुका टाळा

डास चावल्याने एचआयव्हीची लागण होत नाही, हे बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेले असते. तरीही अंगावरचा डास मारल्यावर तळहाताला रक्ताचा ठिपका लागला, की ते रक्त नेमके कोणाचे, ही शंका मनात डोकावतेच. लागण होत नाही एवढेच आपल्याला सांगितलेले असते, ती का होत नाही हे क्वचितच कोणी समजावलेले असते, आणि म्हणून मनातली भीती तशीच राहते. त्या भीतीपोटी होणाऱ्या काही चुका टाळता याव्यात, यासाठी हे लिहीत आहे.

डासाला इंजेक्शनची सुई समजू नका

बाकीच्या बऱ्याच चुकांचे मूळ या एका कल्पनेत आहे. वापरलेल्या सुईतून एचआयव्ही पसरतो, डासही टोचतो, मग डास म्हणजे उडती सुईच, असा तर्क केला जातो. परंतु इंजेक्शनच्या सुईला एकच पोकळी असते आणि आधीच्या माणसाचे तिच्यात उरलेले रक्त पुढच्या माणसाच्या शरीरात ढकलले जाऊ शकते. डासाच्या मादीची (रक्त फक्त मादीच पिते) सोंड साधी नळी नसते. बाहेरच्या आवरणात सहा बारीक अवयव असतात आणि त्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात. एका मार्गाने लाळ आपल्या त्वचेत उतरते, दुसऱ्याने रक्त वर ओढले जाते. चावल्यानंतर येणारी खाज आणि गांधी ही या लाळेवरचीच प्रतिक्रिया असते. म्हणजे डास आपल्या शरीरात सोडतो ती लाळ. पोटात गेलेले आधीच्या माणसाचे रक्त तो दुसऱ्याच्या अंगात ओतत नाही.

'हिवताप पसरतो, मग एचआयव्ही का नाही?' हा प्रश्न अर्धवट सोडू नका

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि खरे उत्तर त्यातच दडलेले आहे. १८९७ मध्ये भारतात काम करणारे ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीची वाढणारी अवस्था सापडली. परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, त्याची संख्या वाढते, साधारण दहा दिवस ते दोन आठवड्यांत तो लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि मगच लाळेवाटे माणसात शिरतो. डेंगीचा विषाणूही आधी डासाच्या आतड्यातील पेशींत वाढतो आणि नंतर लाळेत उतरतो. आजार पसरवण्यासाठी डासाला स्वतःला त्या जंतूची लागण व्हावी लागते, ही बाब येथे कळीची आहे. एचआयव्हीच्या बाबतीत नेमके तेच घडत नाही. या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर सीडी४ नावाचे प्रथिन आणि त्याच्या जोडीला सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ यांपैकी एक प्रथिन लागते. माणसाच्या विशिष्ट पांढऱ्या पेशींवर ती असतात, डासाच्या पेशींवर नसतात. त्यामुळे रक्ताबरोबर पोटात गेलेला विषाणू तेथे वाढत नाही, लाळग्रंथींपर्यंत पोहोचत नाही आणि रक्ताबरोबरच पचून नष्ट होतो.

येथे विचारी वाचकाची आणखी एक शंका उरते. अर्धवट रक्त पिऊन उठलेल्या डासाच्या सोंडेला बाहेरून लागलेल्या रक्ताचे काय? डास पोटभर पितो तेव्हाही ते रक्त काही मायक्रोलिटरच असते आणि सोंडेला चिकटून राहणारा अंश त्याहून कितीतरी कमी. तुलनेसाठी सांगायचे, तर एचआयव्हीबाधित रुग्णासाठी वापरलेली सुई आरोग्यसेवकाला चुकून टोचली, तरी लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन एवढी असते. सुईतील रक्ताच्या तुलनेत सोंडेवरचा अंश नगण्य आहे. मारलेल्या डासाचे रक्त त्वचेला लागले, तर साबणाने धुऊन टाकावे. अखंड त्वचेतून हा विषाणू आत शिरत नाही.

रुग्ण आणि डास एकाच जागी दिसले, म्हणून संबंध जोडू नका

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या बेल ग्लेड या लहानशा गावात १९८० च्या दशकात एड्सचे रुग्ण असाधारण प्रमाणात आढळले. गावात डासही भरपूर होते, त्यामुळे डासांवर संशय घेतला गेला. आरोग्ययंत्रणेने केलेल्या तपासणीत कीटकांमुळे लागण होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. डास लहान मुलांना आणि वृद्धांनाही चावतात. लागण डासांमार्फत होत असती, तर या वयोगटांतही ती दिसायला हवी होती. रुग्ण मात्र प्रामुख्याने लैंगिकदृष्ट्या सक्रिय वयातील प्रौढ होते. जगभर आजही हेच चित्र दिसते. बालकांमधील लागण बहुतांशी गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून आईकडून झालेली असते.

खऱ्या धोक्याचे दिवस वाया घालवू नका

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या चुकीची. असुरक्षित शरीरसंबंध किंवा दुसऱ्याने वापरलेली सुई यांसारखा खरा प्रसंग घडलेला असताना, संकोचापोटी मनातल्या मनात डासाला दोष देऊन गप्प राहणे फार महागात पडते. अशा प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे गेल्यास २८ दिवसांची प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात, आणि जितक्या लवकर ती सुरू होतील तितके चांगले. तपासणीची वेळही महत्त्वाची आहे. प्रसंगानंतर दोन-चार दिवसांत केलेली तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) शोधणाऱ्या तपासणीत लागण दिसू लागायला २३ ते ९० दिवस लागू शकतात. तपासणीत लागण आढळली, तर 'डासामुळे झाली असेल' असे म्हणून विषय मिटवू नये. तसे केल्यास जोडीदाराची तपासणी राहून जाते आणि त्याचे उपचार लांबतात.

याच गैरसमजातून बाधित व्यक्तीला घरात वेगळ्या खोलीत झोपवले जाते, तिच्याजवळ बसणे टाळले जाते. याला कोणताही वैद्यकीय आधार नाही आणि त्या माणसाला होणारा त्रास मात्र खरा असतो. नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणू मोजता येऊ नये इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही.

डास चावल्यानंतरचा ताप एचआयव्हीच्या खात्यावर टाकू नका

एचआयव्हीची लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत ताप, अंगदुखी आणि पुरळ दिसू शकतात. डेंगीतही हीच लक्षणे असतात, म्हणून गोंधळ होतो. डास चावल्यानंतर ताप आला, तर आधी हिवताप आणि डेंगी यांसाठी रक्त तपासून घ्यावे. डेंगीची शंका असेपर्यंत अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरत असताना पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे किंवा कमालीची ग्लानी जाणवली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.