घरगुती फोटोंसाठी फ्लॅश: चेहऱ्यावर नको, भिंतीवर मारा

बारसं असो, हळदीकुंकू असो की दिवाळीची संध्याकाळ, घरात काढलेल्या फोटोंत चेहरे पांढरेफटक, कपाळं तेलकट, डोळे लाल आणि मागची खोली काळीकुट्ट दिसली की बोल लागतो तो फ्लॅशला. खरं तर दोष त्याच्या जागेचा आणि दिशेचा आहे. कॅमेऱ्यातला फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असतो. त्याचा झोत थेट समोरून पडतो आणि नाक, गाल, हनुवटी यांना उठाव देणाऱ्या सावल्याच नाहीशा होतात. शिवाय अंतर दुप्पट झालं की प्रकाश पाव उरतो. फ्लॅशपासून २ मीटरवरचा चेहरा नीट उजळला, तर ४ मीटरवरच्या भिंतीला त्याचा चौथा हिस्साच मिळतो.

वेगळा फ्लॅश घ्यायचा तो मुख्यतः त्याचं तोंड दुसरीकडे वळवता येतं म्हणून. झोत पांढऱ्या भिंतीवर किंवा छतावर मारला की तो सगळा पृष्ठभागच मोठा दिवा बनतो, आणि मोठ्या दिव्याच्या सावल्या मऊ असतात. यालाच बाउन्स म्हणतात. घरगुती पोर्ट्रेटचं निम्मं काम इथेच होतं.

घेताना

दुकानात पहिल्यांदा फ्लॅशची मान फिरवून बघा. ती वर ९० अंश तर जायला हवीच, पण डावी-उजवीकडेही पूर्ण वळायला हवी. काही छोटे फ्लॅश फक्त वर उचलता येतात. कॅमेरा आडवा असेल तोवर त्यांचं चालतं. पोर्ट्रेटसाठी उभा धरला की त्यांचं तोंड छताऐवजी बाजूच्या भिंतीकडे जातं आणि तिथेच अडकतं. असा फ्लॅश स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

मग ताकद. ती गाइड नंबरवरून कळते: मीटरमधलं अंतर गुणिले अ‍ॅपर्चरचा (लेन्सच्या छिद्राचा) आकडा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) १०० ला. खोक्यावरचा ‘६०’ हा आकडा बहुतेक वेळा फ्लॅश २०० मिमीला झूम केल्यावरचा असतो, रुंद झोताला तो बराच खाली येतो. दोन फ्लॅशची तुलना एकाच झूमला करा. बाउन्समध्ये बराच प्रकाश वाया जातो, म्हणून अगदी चिमुकला फ्लॅश इथे दमतो.

टीटीएल घ्यावा की ताकद हाताने लावायचा मॅन्युअल? टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक बारीक चमक सोडून प्रकाश मोजतो आणि ताकद स्वतः ठरवतो. पोरं इकडून तिकडे पळत असतील तर दर वेळी आकडे बदलत बसणं शक्य नसतं, म्हणून माझा कौल टीटीएललाच. समोरचा माणूस एका जागी बसणार असेल तर गोडॉक्स टीटी६०० सारखा मॅन्युअल फ्लॅशही पुरतो. फक्त एक बघा: कॅननच्या २०० डी मार्क २ आणि ३००० डी या कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधला संपर्कबिंदूच नाही. नुसत्या मधल्या पिनवर चालणारा फ्लॅश त्यांच्यावर उडत नाही, कॅननसाठी बनवलेला टीटीएल फ्लॅशच लागतो. टीटीएल फ्लॅश कंपनीनुसार वेगवेगळे असतात, तेव्हा दुकानदाराला कॅमेऱ्याचं मॉडेल सांगूनच मागा.

काकांच्या कपाटात फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश सापडला तर तो तसाच डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यातल्या काहींचा ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅश उडताना कॅमेऱ्याच्या संपर्कबिंदूंवर येणारा विजेचा दाब) २०० च्या वर असतो आणि कॅमेरा कायमचा बिघडू शकतो.

वापरताना

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. साधारण १० फुटी पांढरं छत असेल तर सुरुवातीला शटर १/१२५ सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/४, आयएसओ ४०० घ्या. फ्लॅश टीटीएलवर असू द्या, मॅन्युअल असेल तर १/४ ताकदीवर.

आता तोंड वळवा. सरळ वर मारलं तर डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते. त्यापेक्षा तुमच्या मागच्या किंवा बाजूच्या भिंतीकडे, थोडं वरच्या अंगाला मारा. म्हणजे प्रकाश खिडकीतून आल्यासारखा एका कडेने येतो. भिंतीचा रंग मात्र बघा. आपल्याकडे पोपटी, गुलाबी, आकाशी भिंतींची हौस दांडगी, आणि बाउन्स झालेला प्रकाश तोच रंग चेहऱ्यावर आणतो. पोपटी भिंतीने नवी नवरी आजारी दिसते. अशा वेळी छत वापरा, ते बहुधा पांढरं असतं.

एक फोटो काढा आणि नीट बघा. टीटीएल कपड्यांना फसतं: पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा काळपट येतात, काळ्या साडीतली काकू जास्त उजळते. फ्लॅश कॉम्पेन्सेशन (टीटीएलने ठरवलेली ताकद कमी-जास्त करायची सोय) पहिल्यासाठी थोडं वाढवा, दुसऱ्यासाठी उतरवा. चेहरा बरोबर आला पण खोली अंधारी वाटली तर शटर १/६० किंवा १/३० वर आणा. फ्लॅशची चमक क्षणभराची असल्याने शटरचा तिच्यावर परिणाम होत नाही. वाढतो तो पणत्यांचा आणि आकाशकंदिलाचा उजेड. समोरच्याला मात्र स्थिर राहायला सांगा, नाहीतर कडांना भुतासारखी छटा उमटते. दुसऱ्या टोकाला मर्यादा आहे: बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या वर गेलं की फोटोत काळी पट्टी येते.

पिवळ्या बल्बच्या खोलीत फ्लॅशचा पांढरा प्रकाश निळसर वाटतो. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा आणि कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) बल्बचा ठेवा, दोन्ही उजेड जुळतात. चष्मा चमकत असेल तर फ्लॅश अजून बाजूला वळवा किंवा समोरच्याला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा.

कोकणातलं कौलारू घर, जुना वाडा, मांडव इथे छताचा उपयोग नाही. काळं लाकूड आणि कौलं प्रकाश गिळून टाकतात. कुणाला तरी पांढरी चादर ताणून धरायला लावा आणि तिच्यावर मारा. नेहमीचंच काम असेल तर वायरलेस ट्रिगर (कॅमेऱ्यापासून दूरचा फ्लॅश उडवणारं यंत्र) आणि पांढरी छत्री घ्या. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून चेहऱ्याच्या ४५ अंश बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर ठेवा. प्लास्टिकची टोपी म्हणजे डिफ्युझर फुकट आला तर ठीक, मुद्दाम विकत घेऊ नका. दिव्याचा आकार तिने वाढत नाही. खोलीत जो काही मऊपणा येतो तो भिंतींवरून परतलेल्या उजेडाचा.

दुपारच्या उन्हात माणसाला सूर्याकडे पाठ करून उभं करा आणि फ्लॅश थेट चेहऱ्यावर, पण कॉम्पेन्सेशन उणे १ ते उणे २ ठेवून. थेट मारायला परवानगी आहे ती इथेच.

सेल निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल घ्या, चार वापरात आणि चार खिशात. साध्या अल्कलाइनवर दोन चमकांमधला वेळ वाढत जातो, आणि मूल हसतं ते नेमकं त्या मधल्या वेळात. पावसाळ्यात फ्लॅश पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतले संपर्क खातात.