सोसायटीची टाकी भर दुपारी कशी भरावी

एकतीस वर्षं सबस्टेशनवर ऑपरेटर होतो. दर तासाला लॉगशीटवर फ्रिक्वेन्सी लिहायची. विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ती उतरते. संध्याकाळी सातला काटा ५० हर्ट्झवरून घसरायला लागला की पोटात गोळा यायचा. आता दुपारी सौर वीज भरपूर असते, पण ऊन उतरलं की भार पुन्हा कोळशावर. आणि कोळशावरचा वीजनिर्मिती संच काही घरातला दिवा नाही, हवा तेव्हा बंद-चालू करायला. दुपारीसुद्धा तो सहसा ५५ टक्क्यांच्या खाली उतरवत नाहीत.

यावर जुना तोडगा घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात आहे. वीज जास्तीची असली की खालच्या धरणातलं पाणी चारशे मीटर वर चढवायचं आणि मागणी वाढली की त्याच पाण्यावर १२५ मेगावॉटचे दोन संच फिरवायचे. अशा प्रकल्पात चार युनिट घातले तर साधारण तीन परत येतात. आपल्या गच्चीवरच्या टाकीत तेवढीही तूट नाही, कारण तिच्याकडून आपल्याला वीज नको, पाणीच हवंय.

आधी मीटर स्मार्ट टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारा, आहे का बघा. महावितरणने जुलै २०२५ पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सूट सुरू केली. सध्याचा दर ताज्या बिलावर पाहून घ्या.

आमचा पंप ५ एचपीचा, रोज दोन तास चालतो, म्हणजे साडेसात युनिट. वॉचमन तो लावायचा संध्याकाळी सातला, ऐन सगळ्यात जास्त मागणीच्या वेळी! वायरमनला बोलावून स्टार्टरला टायमर जोडून घेतला. टायमर बॅटरीवाला घ्या, नाहीतर लाइट गेली की त्याचं घड्याळही मागे पडतं. वरच्या टाकीला ती भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच आणि खालची टाकी रिकामी झाली तर पंप बंद करणारं कटऑफ, हे दोन्ही हवंच.

मी पहिल्या आठवड्यात सगळा वेळ दुपारी १२ ते २ टाकला. रविवारी सकाळी दहालाच टाकी कोरडी. तिसऱ्या मजल्यावरून फोन आला, "काका, साबण लावून उभी आहे मी!" तेव्हापासून सकाळी साडेसहाला अर्धा तास आणि उरलेला दीड तास दुपारी.

सूट दिवसाला साडेचार रुपये. खजिनदार हसले. हसू देत.

घरातलं वॉशिंग मशीन, इस्त्रीही दुपारी ढकला. गिझरला मात्र हात लावू नका. अंघोळीवरून एकदा ऐकून घेतलंय, तेवढं पुरे.