गोव्याच्या दमट हवेत स्वयंपाकघरातली भांडी कशी लावावी

भांडी लावायला घेतली की पहिला प्रश्न पडतो तो जागेचा: हे मावेल कुठे? गोव्यात त्याच्याही आधी विचारायला हवे, हे वाळेल कुठे? जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. वर्षभरातला जवळजवळ सगळा पाऊस, सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास, याच चार महिन्यांत कोसळतो. किनाऱ्यालगतच्या गावांत वाऱ्याबरोबर मीठही घरात येते. कोरड्या गावात वर्षानुवर्षे चालणारी मांडणी, म्हणजे गच्च बंद कपाट, एकात एक बसवलेले टोप आणि फळीवर वर्तमानपत्र, इथे श्रावण लागेपर्यंत तांबेरा, बुरशी आणि झुरळे दाखवते.

मांडणी बदलायला मे महिन्याचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी तेव्हाच चालू असते. सुकी मासळी, मिरच्या, आमसुले भरण्याआधी डबे धुऊन उन्हात टाकायचेच असतात, त्यांच्यासोबत बाकीचीही भांडी अंगणात निघू द्या. जूनचा पहिला आठवडा उजाडला की मोठी भांडी मनासारखी वाळवायला ऊन मिळत नाही.

आधी वेगळे काय करायचे

सगळे बाहेर काढल्यावर तीन ढीग करा. रोज किंवा एक दिवसाआड हाताला लागते ते पहिल्यात, आठवड्या-पंधरवड्याला लागते ते दुसऱ्यात, आणि चतुर्थी, सत्यनारायण, घरातली कार्ये यांनाच निघते ते तिसऱ्यात. झाकण नसलेले डबे आणि डब्याशिवायची झाकणे इथेच बाजूला काढा. झाकण डब्यावर प्रत्यक्ष लावून बघा, नुसत्या नजरेने जोड्या जुळत नाहीत.

मग प्रत्येक ढिगात शिवराक (शाकाहारी) आणि मासळीची अशी वाटणी करा. ज्या घरांत सोमवारी, श्रावणात किंवा नैवेद्याला वेगळी भांडी वापरतात, तिथे ही वाटणी कपाटाच्या पातळीवर झालेली असली तर ऐनवेळी शोधाशोध होत नाही. शिवराक भांडी वरच्या फळीवर, मासळीची खालच्या. उलटे केले तर मासळीच्या भांड्यात राहिलेले पाणी खालच्या नैवेद्याच्या टोपात ठिबकते. मासळी कापायचा पाट आणि सुरी यांना तर स्वतंत्र खिळा हवा, सिंकच्या बाजूला, भाजीच्या पाटापासून निदान हातभर दूर. नैवेद्य न करणाऱ्या घरांनीही कच्च्या मासळीचा पाट वेगळाच ठेवावा. लाकडाच्या चिरांत जे शिरते ते कोशिंबिरीत उतरायला वेळ लागत नाही.

कपाट, भिंत आणि उंची

गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचा पट्टा रोजच्या भांड्यांचा. कुकर, रगड्याचा (वाटण वाटायच्या खोलगट दगडाचा) वरवंटा, बिडाची कढई अशा जड वस्तू कमरेच्या खाली. वरच्या फळीवरून कुकर काढताना मनगटाला हिसका बसतो आणि भांडे निसटते. खांद्याच्या वर फक्त हलके आणि क्वचित लागणारे.

पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून घराच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंतींना ओल आधी धरते. अशा भिंतीवर भांड्यांचे कपाट असेल तर मागे २ ते ३ सेंटिमीटर पोकळी ठेवून बसवा. घरातल्या आतल्या भिंतीवर जागा असेल तर लाकडी आणि लोखंडी वस्तू तिकडेच न्या. नवे कपाट करून घेत असाल तर सिंकखालच्या भागाला पार्टिकल बोर्ड वापरू नका. पाणी लागले की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. तिथे आयएस ७१० छापाचे मरीन प्लाय घ्या. ट्रॉलीच्या जाळ्या क्रोमचा मुलामा दिलेल्या असतील तर जोडांजवळ मुलामा सुटतो आणि आतले लोखंड गंजते. ३०४ प्रतीच्या स्टीलच्या जाळीला पैसे जास्त पडतात, पण किनाऱ्याजवळ तीच टिकते. दुकानात लोहचुंबक लावून ३०४ ओळखता येत नाही, कारण हलके २०२ स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. प्रत छापलेली आहे का ते बघा आणि बिलावर लिहून घ्या.

फळीवर वर्तमानपत्र नको. ते ओल शोषते, भांड्याच्या बुडाशी धरून ठेवते आणि झुरळांना खाद्य व आडोसा दोन्ही देते. त्याऐवजी उभ्या रेघांची प्लास्टिकची चटई घाला, म्हणजे भांड्याखालून हवा फिरते. दारांना वर आणि खाली हवेची भोके किंवा जाळी असलीच पाहिजे. नसेल तर पावसाळ्यात दुपारचे रांधप आटोपल्यावर, धग असेपर्यंत, दारे तासभर उघडी ठेवा.

पळ्या, झारे, उलथनी, चिमटा, सांडशी यांना शेगडीच्या बाजूला, बर्नरपासून किमान ३० सेंटिमीटर आडवे अंतर ठेवून दांडी लावा. बर्नरच्या बरोबर वर लावलेल्या दांडीवर आठवड्यात तेलकट थर बसतो. दांडी नको असेल तर १२ ते १५ सेंटिमीटर रुंद, बुडाला भोके असलेला जड डबा घ्या आणि त्यात आठ-दहाच नग ठेवा. त्याहून जास्त झाले की एक ओढताना तीन पडतात. लाकडी डाव आणि करवंटीची दवली तोंड वर करून उभी राहिली पाहिजे.

लोखंड आणि बीड

भाकरीचा तवा, बिडाची कढई, लोखंडी पळी ही इथे सर्वांत आधी बिघडतात. लोखंडाला गंज धरायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. मीठ ते काम भराभर करते. तेलाचा भाजलेला थर पाणी लोखंडापर्यंत पोचू देत नाही, एवढेच त्याचे काम. तो थर असा चढवा:

१. तवा धुऊन मंद आचेवर २ ते ३ मिनिटे ठेवा, शेवटचा ओलावा उडेपर्यंत.
२. २५ सेंटिमीटरच्या तव्याला अर्धा चमचा शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल दोन्ही बाजूंनी चोळा.
३. कोऱ्या फडक्याने पुसून काढा, तवा जवळजवळ कोरडा दिसेपर्यंत.
४. हलका धूर येईपर्यंत तापवा, बंद करून निवू द्या.
५. हेच तीनदा करा.

चिकट डाग पडतात ते पुसण्यात कसूर झाल्यामुळे. जाड थर नीट भाजला जात नाही, मग त्याला धूळ आणि मुंग्या लागतात. दुसरी चूक खोबरेलाची. आपल्या घरात तेच हाताशी असते, पण त्यात संपृक्त स्निग्धांश फार असल्यामुळे ते भाजून कडक होत नाही. रोज वापरायच्या तव्याला पुसण्यापुरते चालेल. थर चढवायला किंवा तवा ठेवून द्यायला चालत नाही.

तवा ठेवण्याची जागा शेगडीजवळ, उघड्यावर, उभा. धुतल्यावर नुकत्याच विझवलेल्या बर्नरवर ठेवला तर उरलेल्या धगीनेच वाळतो. तवा कागदात गुंडाळून कपाटात ठेवायची पद्धत पावसाळ्यात सोडा, ओला कागद लोखंडाला चिकटून गंजाचा छाप उमटवतो. गंज आलाच तर परसात बिमल्या (बिलिंबीची आंबट फळे) असतील त्या चिरून चोळा. त्यांतल्या ऑक्झॅलिक आम्लाने गंज सुटतो. नंतर भरपूर पाण्याने धुऊन ताबडतोब तापवा आणि तेल लावा, कारण आम्ल लागलेले उघडे लोखंड तासाभरात पुन्हा लालसर होते.

आदोळी, लाकूड, माती, दगड

आदोळीच्या (पाटावर बसवलेल्या विळीच्या) खोवणीच्या दात्यांत नारळाचा कीस अडकून राहतो, त्याला वास येतो आणि मुंग्या लागतात. खोवून झाल्याबरोबर जुन्या टूथब्रशने, बाहेरच्या दिशेने, दाते घासा. पाटाला पाण्यात भिजत घालू नका, ओल्या कापडाने पुसणे पुरते. पाते मिटत नसेल तर बागेच्या पाइपचा पात्याएवढा तुकडा उभा चिरून धारेवर चढवा आणि पाते भिंतीकडे करून उभी ठेवा. लहान मुले असलेल्या घरात आदोळी ओट्याखाली सरकवणे धोक्याचे, कारण वाकून हात घालणाऱ्याला आधी पातेच लागते.

पोळपाट, लाटणे, लाकडी पाट आडवे ठेवले की खालची बाजू ओली राहते आणि लाकूड वाकते. कडेवर उभे करा, दोहोंमध्ये दोन बोटे अंतर. पांढरट बुरशी दिसली तर व्हिनेगर लावून दहा मिनिटे ठेवा, घासून धुवा आणि उघडीप मिळेल त्या दिवशी उन्हात घाला. काळे डाग लाकडात खोल गेलेले असतील तर वरून घासून भागत नाही, सुताराकडून रंधा मारून घ्या. चिरलेले लाटणे मात्र टाकून द्या.

मातीची भांडी मी-मी म्हणणाऱ्या माणसाचीही परीक्षा घेतात, कारण माती सच्छिद्र. डिचोलीच्या कुंभारांकडची असोत की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली, नवी कुंडली-मडकी पूर्ण २४ तास पाण्यात बुडवा, मग त्यात पातळ पेज उकळा. पेजेतल्या स्टार्चने बारीक छिद्रे भरतात. साबण नको. तो छिद्रांत शिरतो आणि पुढच्या हुमणात (मासळीच्या आमटीत) उतरतो. राख किंवा जाडे मीठ आणि काथ्या यांनी घासा. धुतलेले मडके थेट ओट्यावर पालथे घालू नका, आतली वाफ कोंडते. काथ्याच्या चुंबळीवर तिरके ठेवा, झाकण वेगळे.

मडक्यावर पांढरे दिसले की लोक घाबरून फेकतात. आधी ओले बोट लावून बघा. कोरडी पूड असेल आणि पाण्यात विरघळली तर ते क्षार आहेत, मातीतून वर आलेले. घासले की संपले. तंतुमय, मऊ आणि कुबट वासाचे असेल तर ती बुरशी. अशा वेळी घासून धुवा, आत पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटे उकळा आणि कडक वाळवा. मासळीचे आणि भाजीचे मडके कधीही एक करू नका. मासळीचा वास मातीतून पुरता जात नाही.

रगडा हलवायचा नसतो, म्हणून त्याची जागा पहिल्याच दिवशी नीट निवडा: न्हाणीच्या भिंतीला लागून नको, वर गळती नको. वाटण झाल्यावर पाण्याने आणि ब्रशने धुऊन खळग्यातले पाणी कापडाने टिपून घ्या.

मिक्सरची भांडी आणि कुकर झाकण न लावता ठेवा. गास्केट काढून खिळ्याला अडकवा. झाकणाच्या खाचेत राहिलेला ओलावा हेच त्या कुबट वासाचे मूळ.

स्टील, तांबे, पितळ

स्टीलला गंज येत नाही हा समज किनाऱ्यावर टिकत नाही. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, मिठातले क्लोराइड तो फोडते आणि टाचणीएवढे खड्डे पडतात. मीठ लावलेली मासळी किंवा लोणचे स्टीलमध्ये रात्रभर ठेवू नका. लोखंडी तारेच्या घासणीचे कण भांड्यावर राहून तपकिरी ठिपके उमटतात, ती स्टीलला वापरूच नका.

टोप एकात एक ठेवायचेच असतील तर मध्ये कापडाचा तुकडा घाला. अडकले तर आतल्यात थंड पाणी भरा आणि बाहेरचा गरम पाण्यात ठेवा: आतला आकसतो, बाहेरचा फुगतो, हलक्या हाताने फिरवले की सुटतात.

तांब्या-पितळेत आमसूल, चिंच, ताक असे आंबट काही शिजवायचे असेल तर कल्हई अखंड हवी. आतून तांबूस किंवा पिवळे दिसू लागले की भांडे रांधपातून बाहेर काढा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नका. कल्हईचे काम मेमध्येच उरकून घ्या.

चतुर्थीची भांडी

वर्षाची भांडी ऐन पावसात लागतात, ही इथली खरी अडचण. मोदकपात्र, शिरवळ्यांचा (तांदळाच्या शेवयांचा) साचा, नेवऱ्यांची (करंज्यांची) कढई, मोठे टोप, समया हे सगळे पुठ्ठ्याच्या खोक्यांत माळ्यावर टाकू नका. पुठ्ठा ओल धरतो आणि त्याच्या पन्हाळ्यांत झुरळे अंडी घालतात. झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्या घ्या आणि मेच्या कोरड्या दिवशी, भांडी उन्हात तापून निवल्यावर बंद करा. साच्याचे स्क्रू आणि चकत्या एका कापडी पिशवीत, साच्याच्या दांड्यालाच बांधून. पेटीवर आत काय आहे ते लिहा आणि माळ्याच्या पुढच्या कडेला ठेवा. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे धातूच्या भांड्यांसोबत नकोत; ते जमवलेले खारे पाणी सांडले तर भांडी खातात. सिलिका जेलच्या पुड्या चालतात.

चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी पेट्या उघडा, म्हणजे साच्याचा स्क्रू बसला असेल तर तेल सोडून तो सुटायला वेळ मिळतो. सण झाल्यावर भांडी लगेच माळ्यावर चढवायची घाई करू नका. ती तेव्हा कोरडी दिसतात, पण कान, कडी आणि दुमडलेल्या काठांत पाणी असते. ऑक्टोबरचे कडक ऊन पडेपर्यंत आतल्या खोलीत फळीवर पालथी, खाली दोन पट्ट्या घालून राहू द्या, एक पूर्ण दिवस उन्हात घाला आणि मग पेटीत भरा.