वेग घेताना गाडी ‘कुईं’ करते तेव्हा दोष कसा शोधावा

सोलापूरहून तुळजापूरला निघालेली गाडी घाटाच्या चढाला लागते, चालक गिअर उतरवून ॲक्सिलरेटर दाबतो आणि बॉनेटच्या बाजूने ‘कुईंऽऽ’ असा बारीक, चढत जाणारा आवाज सुरू होतो. पाय उचलला की तो उतरतो. अशा तक्रारीवर पुष्कळदा अंदाजानेच एखादा भाग बदलला जातो. माझ्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र) असाच बदलला गेला आणि आवाज तसाच राहिला. खरा दोष इंजिनच्या जोरावर अशी यंत्रे फिरवणाऱ्या बेल्टच्या मार्गातील आयडलर पुलीच्या (बेल्टला नुसती वाट देणाऱ्या चाकाच्या) बेअरिंगमध्ये होता आणि ती पुली अल्टरनेटरच्या मानाने फारच स्वस्त असते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढतो की चाकांच्या वेगाबरोबर, हे ठरवल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

पहिली परीक्षा गाडी उभी असतानाच करावी. हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करावे आणि हळूहळू रेस देत फेरे मिनिटाला २५०० ते ३००० पर्यंत न्यावेत. आवाज तसाच येत असेल, तर चाके, टायर व डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर) यांचा संशय बहुतेक मिटतो. येत नसेल, तर पहाटे पुणे महामार्गावरील सपाट, मोकळ्या पट्ट्यात एखाद्या सोबत्याला घेऊन जावे, काचा आणि गाणी बंद ठेवावीत आणि ताशी ६० किलोमीटर हाच वेग आधी चौथ्या व मग पाचव्या गिअरमध्ये राखावा. गिअर बदलताच आवाजाची पट्टी खाली आली, तर तो इंजिनच्या बाजूचा असतो. वेग तोच असताना पट्टीही तीच राहिली, तर चाकांच्या बाजूचा. गाणी बंद करण्याचे आणखी एक कारण असे, की कधी कधी हा आवाज स्पीकरमधूनच येत असतो. तसे असल्यास म्युझिक सिस्टिमच्या अर्थिंगची तार तपासावी. इंजिनला हात लावण्याची गरज नाही.

इंजिनच्या बाजूचा आवाज असेल, तर पहिला संशय बेल्टवर आणि त्याच्या पुल्यांवर घ्यावा. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो आणि वाऱ्याबरोबर येणारी धूळ बॉनेटच्या आत जाऊन बसते. उष्णतेने रबर कडक होते आणि धुळीने बेअरिंगच्या सीलची झीज होते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, किल्ली काढून, बेल्टच्या आतल्या बाजूला चकाकी, चिरा किंवा तेलाचा ओलावा आहे का हे विजेरीने पाहावे. तेल लागलेला बेल्ट पुसून चालत नाही. आधी गळती बंद करावी आणि मग बेल्ट बदलावा. त्यानंतर इंजिन चालू करून, सैल कपडे, ओढणी व हात दूर ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बाटलीने थोडे पाणी फवारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता जास्त असते. वाढला, तर बेल्ट सैल आहे किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) दमला आहे. आवाज बंद व्हावा म्हणून बेल्टला ग्रीस किंवा साबण लावण्याची पद्धत मला अत्यंत चुकीची वाटते, कारण त्याने बेल्ट आणखी घसरतो आणि दोष झाकला जातो.

पाण्याने काहीच फरक पडला नाही, तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवावा. त्याआधी त्याच्या वळणांचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे, नाहीतर परत चढवताना मोठी पंचाईत होते. आता प्रत्येक पुली हाताने फिरवावी: चांगली पुली गुळगुळीत व निःशब्द फिरते, खराब पुली खरखरते किंवा बाजूला हलते. बेल्टविना इंजिन वीस-तीस सेकंद चालवून पाहता येते. आवाज नाहीसा झाला, तर दोष या पुल्यांपैकी एकीत किंवा बेल्टवर चालणाऱ्या यंत्रात आहे हे पक्के. पुल्या निर्दोष असूनही अल्टरनेटर फिरवताना खरखर जाणवली, तर त्याचे फक्त बेअरिंग बदलून मिळते का, हे आधी विचारावे.

हायड्रॉलिक स्टिअरिंग असलेल्या जुन्या गाडीत चाक वळवताना आवाज वाढत असेल, तर त्या पंपाच्या तेलाची पातळी पाहावी. डिझेल गाडीत शिट्टीसारखा आवाज, कमी झालेली ओढ आणि काळा धूर एकत्र दिसले, तर टर्बोपासून (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्रापासून) इंटरकूलरकडे, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणारा पाइप फाटला आहे किंवा त्याची क्लिप ढिली आहे, असा तर्क बहुधा बरोबर ठरतो. टर्बोची हलकी शिट्टी मात्र मुळातच असते.

उभ्या गाडीत न्यूट्रलला आवाज येतो आणि क्लच दाबताच थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (इंजिनचा जोर आत आणणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग तपासावे. उलट क्लच दाबल्यावरच येतो, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग. एखाद्याच गिअरमध्ये, जोर दिल्यावरच घूंऽऽ होत असेल, तर आधी गिअर ऑइल पाहावे. गाडी सपाट जागेवर ठेवून बाजूचा बोल्ट काढल्यावर तेल बहुतेक गाड्यांत भोकाच्या कडेला टेकलेले असावे. तेलाची प्रत गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलीच घ्यावी. रिव्हर्समध्ये येणारा तसा आवाज बहुतेक गाड्यांत सरळ दात्यांमुळे येतो, तो दोष नव्हे.

चाकांच्या वेगाबरोबर चढणारा आवाज डावीकडे वळताना वाढत असेल, तर उजव्या चाकाच्या बेअरिंगवर भार येत असतो, म्हणून संशय उजव्याच चाकावर घ्यावा. उजवीकडच्या वळणाला याच्या उलट. टायर असमान झिजले असतील, तर त्यांची घरघरही अशीच वाटते.

दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने पुन्हा ऐकावे. आवाज चालू असतानाच बॅटरीचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढू लागला, तर घरापर्यंत नेण्याचा विचार करू नये. अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही याच बेल्टवर चालतो. अशा वेळी गाडी सावलीत बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे आणि रेडिएटरचे झाकण ते पुरते थंड होईपर्यंत उघडू नये.