वायरचा हेडफोन घ्यावा की ब्लूटूथचा?

खरेदीआधी फोनच्या कडा बघा. गोल भोक असेल तर तो 3.5 मिमीचा जॅक, साधा वायरचा हेडफोन थेट लागेल. आयफोनमधून हा जॅक 2016 साली गेला, पुढे बहुतेक महागड्या फोनमधूनही. जॅक नसेल तर टाइप-सी पिनचा हेडफोन किंवा कन्व्हर्टर लागतो, आणि घोळ होतो तो इथेच. काही कन्व्हर्टरमध्ये डॅक, म्हणजे फोनमधल्या डिजिटल सिग्नलचं हेडफोनला चालणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चिप असते, काहींत नुसत्या तारा. तारांचा कन्व्हर्टर मोजक्याच फोनवर चालतो. बाकी फोनवर आवाजच येत नाही आणि माणूस हेडफोनला दोष देत बसतो. त्यामुळे पाकिटावर ‘डॅक’ लिहिलंय का ते बघूनच घ्या. शिवाय कन्व्हर्टर लावला की चार्जिंगची जागा अडते, हेही लक्षात ठेवा.

आता वापर. दिवसभर लॅपटॉपवर मीटिंगा असतील तर वायरचाच घ्या. ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की लॅपटॉप सहसा ‘हँड्स-फ्री’ मोडमध्ये जातो. स्टिरिओ बंद पडतो, सॅम्पलिंग (आवाजाचे सेकंदाला घेतले जाणारे नमुने) 16 किंवा 8 किलोहर्ट्झवर येतं आणि चांगला महाग हेडफोनही जुन्या लँडलाइनसारखा वाजतो. ब्लूटूथच वापरायचा असेल तर मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा. आवाज लगेच सुधारतो.

दुसरी अडचण उशिराची. ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी किंवा एएसी या नेहमीच्या कोडेकवर आवाज साधारण 150 ते 250 मिलिसेकंद मागून येतो. व्हिडिओ ॲप चित्रही तेवढंच थांबवतं, म्हणून सिनेमा बघताना कळत नाही. गेममध्ये मात्र गोळी आधी सुटते, आवाज नंतर. कीबोर्ड वाजवणाऱ्यांचे तर फार हाल होतात: मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, त्यात 200 मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा मागे. रेकॉर्डिंग करतानाही तसंच. फक्त तबला-तानपुऱ्याचं ॲप लावून गायचं असेल तर काही बिघडत नाही. ठेका कानात येईल तसं तुम्ही गाता.

चालणं, व्यायाम, लोकलची गर्दी, स्वयंपाक यांसाठी ब्लूटूथच बरा. गर्दीत वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकतेच. घामासाठी निदान आयपीएक्स4 हे पाणी अडवण्याचं रेटिंग बघा, पण तो शिंतोड्यांपुरता. आणि ते रेटिंग बहुधा बड्सचं असतं, त्यांच्या चार्जिंगच्या डबीचं नाही. पावसात डबी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

हजार रुपयांच्या आत बजेट असेल तर आवाजात वायरचाच सरस. ब्लूटूथमध्ये त्याच पैशात बॅटरी, चिप आणि डबीही बसवावी लागते. कोडेकच्या नावांना फार भुलू नका: एलडॅक हा कोडेक सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत जातो खरा, पण फोन आणि हेडफोन दोघांतही तो हवा. आयफोनवर तो नाहीच.

वायर तुटते ती बहुतेकदा पिनच्या मानेशी. गाणं लावून तिथे वायर हलकेच फिरवा. एका कानातला आवाज येत-जात असेल तर आतली तांब्याची तार गेली. म्हणून एल आकाराची पिन आणि सुटी होणारी वायर असलेला हेडफोन घ्या. फोनभोवती वायर करकचून गुंडाळू नका. मात्र फेकण्याआधी जॅकमध्ये डोकवा. खिशातला कापूस आत दाबला गेला की पिन पूर्ण बसत नाही आणि लक्षणं अगदी तीच दिसतात. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो काढा.

ब्लूटूथ बड्समध्ये आधी दमते ती बॅटरी. रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांत ती निम्म्यावर येऊ शकते, आणि बहुतेक बड्स चिकटवलेले असल्याने ती बदलता येत नाही. तेवढ्या वर्षांत किंमत वसूल होते का, हा हिशेब आधीच मांडा. एक बड चार्ज होत नसेल तर त्याचे आणि डबीतले धातूचे ठिपके कोरड्या कापसाने पुसा, घामाचा थर असतो. एका बाजूचा आवाज बारीक झाला असेल तर जाळीत मळ साचलाय का बघा.

परत करायची मुदत संपायच्या आत एकदा रहदारीच्या रस्त्यावर उभं राहून घरी फोन लावा आणि पलीकडच्याला विचारा, काय ऐकू येतंय. बंद खोलीत सगळेच माइक चांगले वाटतात.